ठराव झाला, पुढं काय?

‘सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.’ प्रोसिडिंग बुकातल्या एवढ्या मजकुरावर आपल्या गावांचा आणि शहरांचा कारभार चालतो. त्याच वहीत एका पानावर 10 डिसेंबरचा मानवी हक्क दिन साजरा करण्याचा ठराव असतो, दुसऱ्यावर दवाखान्याच्या गळक्या स्लॅबचा. पहिल्याला खर्च नाही, म्हणून तो चहा येण्याआधीच मंजूर होतो. दुसरा पैशांपाशी अडतो. पण शंभर वर्षांपूर्वी हक्क आणि दवाखाना हे दोन्ही विषय एकाच ठरावात बसले होते.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी त्याची शिफारस होती. अंमल नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या हाती. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये ठराव करून चवदार तळं खुलं केलं, ते कागदावर. प्रत्यक्ष पाणी घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणी प्यायलं, त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. 4 ऑगस्ट 1927 ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होताना, नगरपालिकेनं आपलाच ठराव रद्द केला. स्पृश्यांनी कोर्ट गाठलं. शेवटी मार्च 1937 मध्ये उच्च न्यायालयानं पुराण्या वहिवाटीचा त्यांचा दावा फेटाळला.

बोले यांना मात्र मेख कुठं आहे ते आधीच उमगलं होतं. जी नगरपालिका ठराव पाळणार नाही तिचं अनुदान रोखा, अशी मागणी त्यांनी 1926 मध्ये मांडली. हक्काच्या ठरावाला तिजोरीची चावी लावल्याशिवाय तो हलत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आज ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद. निकष मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांना एक असा. ग्रामपंचायत दुरुस्तीचा ठराव करते आणि वर पाठवते. मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम झालं की एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, मापं चढतात आणि मगच बिल निघतं. इतक्या टेबलांवरून जाताना फाईल कुठंही झोपू शकते. पाठपुरावा करणारा सदस्य असेल तर ती उठते.

या सगळ्यात एक बाब बारकाईनं बघावी: रॅम्प. 3 डिसेंबरला दिव्यांग दिन होतो, भाषणं होतात, हार पडतात. त्याच दवाखान्याच्या दारात रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे जोतं दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब. जागा वाचवायला तो आठ फुटांत उरकला, की व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि एकट्यानं वर जाणं अशक्य होतं. एम.बी.त मात्र ‘रॅम्प’ लिहिला जातोच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक आहे. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असाही राज्याचा आदेश आहे. तेव्हा पैसा नाही, ही सबब पुरेशी नाही.

बिनखर्चाचा ठराव पोकळच असतो, असंही नाही. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला: पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. तिथं सवाल निधीचा नव्हता, भावकीच्या दबावाचा होता. तो दबाव झुगारायला घरातल्या बाईला गावाचा कागद हाताशी मिळाला. कुणी जबरदस्ती केलीच, तर बोट दाखवायला जागा झाली.

म्हणून येत्या 10 डिसेंबरला सभेपुढं नवा ठराव आणण्याआधी सदस्यांनी मागच्या वर्षीच्या ठरावांचा अनुपालन अहवाल मागावा. दवाखान्याची फाईल कुठल्या टेबलावर आहे, रॅम्पची लांबी किती भरली, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचावं आणि इतिवृत्तात नोंदवावं. दिवस साजरा करायचाच असेल, तर तो असा करावा.