तापीकाठची जीभ

अनोळखी पदार्थ चाखायला जगभर फिरणाऱ्या माणसाला मी सुरतेचं नवागाम दाखवीन. डिंडोलीला चिकटलेली ही दाट वस्ती. इथल्या बाजारात अहिराणी कानावर पडते, जेवणात शेवभाजी असते आणि थंडीत वांग्याच्या भरताचा वास येतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडची कितीतरी कुटुंबं यंत्रमागाच्या आणि कापडाच्या कामासाठी या बाजूला येऊन स्थिरावली. त्यांच्या मुलखातली तापीच सुरतेला येऊन पुढे समुद्राला मिळते आणि अमळनेर-नंदुरबारवरून येणारी रेल्वेही तिच्याच खोऱ्यातून खाली उतरते.

याच शहरात नदी ओलांडली की रांदेर लागतं. सुरतेचं नाव होण्याआधी हे बंदर गाजत होतं. रांदेरला खाऊसा मिळतो. खोलगट वाडग्यात उकडलेल्या नूडल्स, त्यांवर नारळाच्या दुधातला दाटसर पिवळा रस्सा, वरून काहीतरी कुरकुरीत, तिखट आणि पिळलेलं लिंबू. ब्रह्मदेशातल्या ‘ओन नो खाउ स्वे’चा हा सुरती अवतार. रांदेर-सुरतेचे मुसलमान व्यापारी एकोणिसाव्या शतकात रंगूनला गेले आणि तिथे त्यांनी मोठा व्यापार उभारला. त्यांची सुरती जामा मशीद आजही त्या शहरात उभी आहे. डिसेंबर १९४१मध्ये जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि लाखो भारतीय बोटींनी, जंगलवाटांनी, पायी मायदेशाकडे निघाले. १९६२मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, मग दुकानं आणि व्यापार सरकारजमा झाले, आणि आणखी हजारो लोक परतले. त्यांची मालमत्ता तिकडेच राहिली. हाताला सवय झालेला स्वयंपाक मात्र कुणाला जप्त करता आला नाही.

या खाऊशात मला थक्क करणारी गोष्ट रश्श्याच्या तळाशी आहे. तो रस्सा दाट होतो बेसनाने! मूळ ब्रह्मी पदार्थातही हरभऱ्याचं पीठच असतं. नुसतं नारळाचं दूध उकळलं तर ते फुटतं, तेल वेगळं होतं. बेसन घातलं की त्यातल्या स्टार्चचे कण गरम पाणी पिऊन फुगतात, रस्सा घट्ट होतो, आणि डाळीतली प्रथिनं तेलाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळू देत नाहीत. आता नवागामच्या घरातली शेवभाजी आठवा. उकळत्या, तर्रीदार रश्श्यात जाड तिखट शेव पडते, रस्सा शोषून मऊ होते, आणि थोडं पीठ सुटून रश्श्याला दाटपणा येतो. रंगूनची नूडल आणि खान्देशची शेव यांच्यामध्ये एवढा मोठा बंगालचा उपसागर, तरी दोन्ही रश्श्यांत काम करतो तो आपला हरभराच.

म्हणूनच परका पदार्थ जीभ कशी स्वीकारते, हे समजून घ्यायला हा खाऊसा फार चांगला आहे.

कोआला हा प्राणी जवळजवळ फक्त निलगिरीची पानं खातो. आज काय खावं, हा प्रश्न त्याला पडतच नाही. माणूस आणि उंदीर मात्र जवळपास काहीही खाऊ शकतात, आणि हीच त्यांची अडचण आहे. नवं काही खाल्लं नाही तर एखाद्या वर्षी उपासमार होईल. खाल्लं तर कदाचित विषबाधा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६मध्ये या कोंडीचं वर्णन केलं. लहान मूल चालायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, साधारण त्याच वयानंतर ते नव्या भाजीला तोंड फिरवू लागतं. आईबाप वैतागतात, पण त्या नकारामागे फार जुनी सावधगिरी असावी. ती सैल पडते ती ओळखीच्या सोबतीमुळे. नवी वस्तू जुन्या मसाल्यात, जुन्या रश्श्यात, ओळखीच्या माणसाच्या हातून आली की घास पुढे जातो. खान्देशी माणसाने खाऊसा पहिल्यांदा खाल्ला तर बेसन, लसूण, तिखट, लिंबू ही सगळी त्याच्या घरचीच मंडळी. नव्या असतात त्या नूडल्स आणि नारळाच्या दुधाचा गोडवा.

ही ओळख कुठून सुरू होते, ते तर मला केवळ अद्भुत वाटतं. संशोधक ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये काही गर्भवती स्त्रियांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. पुढे त्यांच्या गर्भजलाचा वास घेणाऱ्यांना तो लसूण जाणवला. २००१च्या प्रयोगात गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आयांनी गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनी नंतर गाजराची चव असलेली पेज अधिक सहज स्वीकारली. म्हणजे बाळ जन्माला येण्याआधीच आईच्या ताटाचा पत्ता त्याला लागलेला असतो. नवागाममध्ये दिवस राहिलेली बाई ठेचा, लसणाची चटणी आणि भाकरी खाते, संध्याकाळी कोपऱ्यावरचा वाफवलेला सुरती लोचोही खाते. तिच्या लेकराला यातलं परकं ते कोणतं वाटेल?

थंडीत इथे पोंक येतो. मराठवाड्यातून किंवा नगरकडून आलेल्या माणसाला तो हातात घेताच कळेल की हा तर हुरडा! ज्वारीचा दाणा दुधावरून चिकाकडे जात असताना त्याच्यातल्या साखरेचं पुरतं स्टार्च झालेलं नसतं. तेवढे थोडेच दिवस तो गोड, हिरवा आणि मऊ असतो. कणसं विस्तवात भाजायची, गरम असतानाच दाणे सोडवायचे. इतकं सगळं सारखं. पण आपण हुरडा शेतावर बसून, शेंगदाण्याच्या नाहीतर लसणाच्या चटणीशी खातो. सुरतेत तो शहरात विकत मिळतो आणि लिंबू-मिऱ्याची बारीक शेव, साखरेचे दाणे घालून खाल्ला जातो. महाराष्ट्रात हुरड्यासाठी खास पेरतात त्या ज्वाऱ्यांत गूळभेंडीबरोबर ‘सुरती’ही आहे. पोंकाच्या शिळ्या दाण्यात मजा नाही, त्याच दिवशी खावा.

सुरतेला परक्या जिभांची सवय मुळातच आहे. टॉमस कोर्याट हा इंग्रज इटलीत लोक काट्याने जेवतात हे पाहून चकित झाला होता आणि १६११च्या आपल्या पुस्तकात त्याने ते देशबांधवांना सांगितलं. पुढे तो अलेप्पोहून पायी हिंदुस्थानात आला आणि डिसेंबर १६१७मध्ये सुरतेत वारला. पोटाचं दुखणं असतानाही वखारीतल्या इंग्रजांनी दिलेलं स्पॅनिश मद्य तो प्यायला, असं त्याच्या मित्राने लिहून ठेवलं आहे. इतका चालून आलेला माणूस शेवटी घरच्या चवीला भुलला, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच शतकाच्या अखेरीस इथे राहिलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याच्या पुस्तकात सुरतेच्या इंग्रजी वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी असे तिन्ही प्रकारचे स्वयंपाकी ठेवल्याची नोंद आहे.

पोर्तुगीजांचं नाव आलं की मिरची आलीच. खान्देशी रश्श्याची ओळख जिच्यावर ठरते, नंदुरबारची मोठी बाजारपेठ जिच्यामुळे लाल दिसते, ती मिरची सहाशे वर्षांपूर्वी भारतात कुणी पाहिलीही नव्हती. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी इकडे आणलेली. तिखट ही खरं तर चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवतं, तो ग्राही एरवी सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता ओळखतो. मेंदूला निरोप जातो, तोंड भाजतंय! प्रत्यक्षात काहीच भाजलेलं नसतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राही १९९७मध्ये शोधला आणि २०२१च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. नारळाच्या दुधातला खाऊसा तिखट असूनही सोसतो, त्यात या गुणाचा मोठा भाग आहे.

आणि आता शेवभाजीतला काळा मसाला. त्यात धणे, लवंग, सुकं खोबरं यांच्याबरोबर एक करडी-काळी, कागदासारखी हलकी वस्तू पडते. दगडफूल. ते फूल नाही, पान नाही, साधी वनस्पतीसुद्धा नाही. ते शैवाक आहे, म्हणजे शैवाल आणि बुरशी यांचं एकत्र बिऱ्हाड. शैवाल उन्हातून अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते आणि ओल धरून ठेवते. असे हे जीव खडकांवर, झाडांच्या सालींवर वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. कच्च्या दगडफुलाला फारसा वास नसतो. गरम तेलात पडलं की मातीचा, धुराचा, ओल्या रानाचा वास उठतो, आणि तोच पुढे रश्श्यात उतरतो. दूरदेशी जाऊन शेवाळ नाहीतर किडे खाल्ल्याचं कौतुक सांगणाऱ्या पाहुण्याला नवागाममध्ये शेवभाजी वाढायची असेल, तर आधी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल त्याच्या तळहातावर ठेवा, ते काय आहे ते सांगा, आणि मग ताट पुढे करा.