छोट्या इंजिनाची ओढ

आगगाडीच्या इंजिनाची १२ पटींनी लहान प्रतिकृती. पण कोळशावर खरोखर धावणारी आणि मागच्या डब्यांवर माणसे बसवून नेणारी. ब्रिटनमधल्या हौशी कारागिरांच्या या छंदात मला सर्वांत रस वाटला तो एकाच प्रश्नात: असे इंजिन किती ओढते, हे ठरवायचे कसे?

मागे ताणकाटा अडकवून पाहता येते. ५० किलोच्या इंजिनाचा ४० किलो भार चालत्या चाकांवर असेल, तर काटा ८-१० किलोपर्यंत जातो आणि चाके जागीच घसरू लागतात. सपाट रुळांवर डब्यांचा विरोध वजनाच्या एक-दोन टक्केच असल्याने एवढ्या ओढीवर निदान अर्धा टन सहज हलतो. पण काट्यावरचा हा आकडा इंजिनाच्या वजनाचा आहे, वाफेचा नव्हे. आकार १२ पट घटला की वजन १,७२८ पट घटते. वाफेचा दाब तोच धरला तर सिलिंडरचा जोर मात्र १४४ पटच. छोट्या बॉयलरात दाब कमी ठेवतात, तरीही जोर वजनाला भारी पडतो. म्हणून नुसत्या ओढीची बढाई मला पोकळ वाटते.

१९६९ पासून तिथे भरणाऱ्या आयएमएलईसी या स्पर्धेने वेगळी वाट धरली. सुमारे अर्धा तास गाडी चालवायची, किती माणसे न्यायची ते चालकाने ठरवायचे, कोळसा तोलून द्यायचा. इंजिनामागे डायनॅमोमीटरचा डबा जोडतात. तो ओढ मोजतो, अंतर मोजतो आणि दोहोंचा गुणाकार क्षणोक्षणी साठवत जातो.

मी वहीत मांडलेले उदाहरण पाहा. सरासरी ६ किलोची, म्हणजे ६० न्यूटनची ओढ आणि ४ किलोमीटर अंतर: काम झाले २ लाख ४० हजार ज्यूल. जळला अर्धा किलो कोळसा. त्यातली उष्णता सुमारे दीड कोटी ज्यूल. हाती आले १.६ टक्के! हसू नका, मोठी वाफेची इंजिनेही दहा टक्क्यांच्या आतच राहत. छोट्याची आणखी अडचण अशी, की आतल्या वाफेच्या मानाने सिलिंडरचा पृष्ठभाग फार. वाफ काम करण्याआधीच निवते.

चालकाचा हात मात्र डायनॅमोमीटरला वेगळा काढता येत नाही. आग जाड ठेवली, झडप वारंवार उडाली, की कोळसा वाफ होऊन हवेत जातो, आणि ते नुकसान इंजिनाच्याच खात्यावर पडते.