लेकुरवाळ्यांचा विमानप्रवास

मराठी भाषेत 'लेकुरवाळी' हा शब्द मोठा मानाचा आहे. लग्नकार्यात लेकुरवाळीची ओटी कौतुकाने भरावी, पंगतीत तिला आधी पान वाढावे, आगगाडीच्या डब्यात ती चढली की सरकून तिला जागा करून द्यावी, असा आपल्या घराघरांतला शिरस्ता. पण हीच लेकुरवाळी आठ महिन्यांचे मूल कडेवर आणि तीन वर्षांचे बोटाशी घेऊन विमानाच्या त्या अरुंद वाटेने येऊ लागली, म्हणजे दोहों बाजूंना काय घडते ते एकदा निरखून पाहावे. एरवी देवधर्म न मानणारा गृहस्थही मनातल्या मनात कुलदैवताचा धावा करू लागतो, "देवा, हिला पुढे जाऊ दे!" ती पुढे सरकली, की तो समाधानाने डोळे मिटतो, आणि ती नेमकी त्याच्याच शेजारी थांबली, तर त्याचा चेहरा वरणभाताच्या पहिल्याच घासाला खडा लागावा तसा होतो.

हे असे का व्हावे? माणसे तर तीच आहेत. आगगाडीत मूल रडू लागले, की घटकाभरात ते साऱ्या डब्याचे मूल होते. समोरच्या आजीबाई त्याला मांडीवर घेतात, कोणी किल्ल्यांचा जुडगा वाजवतो, कोणी खिडकीतली गाय दाखवतो. विमानात मात्र ते मूल फक्त त्याच्या आईचे असते. तिथे खिडकी उघडत नाही, पुढच्या स्टेशनावर उतरता येत नाही, आणि कमरेला पट्टा बांधल्यामुळे उठून फेऱ्या मारण्याचीही सोय नसते. शिवाय तिकिटाला भरपूर पैसे मोजलेले असल्यामुळे शांतताही आपण विकत घेतली आहे, अशी प्रत्येकाची समजूत झालेली असते.

पूर्वी हा प्रश्न मूठभर श्रीमंतांचा होता. २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची वाट दाखवली आणि मध्यमवर्ग विमानाच्या शिडीवर चढला. पुढे २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखाली नांदेडहून हैदराबादला विमान सुटले. ज्या घरातल्या आजोबांनी विमान फक्त अंगणातून मान वर करून पाहिले, त्या घरातले नातवंड आता जावळ काढण्याआधीच आकाशात जाऊन येते. लेक-जावई परदेशी असले, तर दिवाळीला येणारे ते पाहुणे पंधरा-सोळा तास त्या नळकांड्यात बसूनच येतात. तेव्हा या प्रवासाची रीतभात आपण आता बसवून घ्यायला हवी.

पहिली गोष्ट अशी, की मूल उगाच रडत नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले, तरी आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा राखलेला असतो. विमान उतरू लागले की हा दाब वाढत जातो. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते; आपण आवंढा गिळला किंवा जांभई दिली की ती उघडते आणि दोहोंकडचा दाब सारखा होतो. तान्ह्या मुलाची ही नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. ती सहज उघडत नाही, कान ठणकू लागतो आणि मूल टाहो फोडते. म्हणून विमान चढताना, आणि त्याहूनही अगत्याने उतरताना, मुलाला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट घेऊ द्यावेत. उतरण्याची क्रिया जमीन दिसण्याच्या बरीच आधी, अर्धा तास तरी, सुरू झालेली असते. मुलाला सर्दी किंवा कानाचे दुखणे असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. झोप यावी म्हणून मनानेच सर्दीचे औषध पाजण्याचा शहाणपणा काही जण करतात. तो करू नये. काही मुले त्याने झोपण्याऐवजी अधिकच पिसाळतात, हा एक भाग; आणि तान्ह्यांच्या बाबतीत ते धोक्याचेही असते.

तेव्हा रडणे हा मुलाचा नाइलाज आहे. पुढच्या आसनाला लाथा मारणे हा मात्र बहुतेक वेळा पालकांचा आळस असतो. गेल्या मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला जाताना माझ्या पाठीमागे पाचएक वर्षांचे चिरंजीव विराजमान झाले होते. त्यांच्या पायांचा ताल माझ्या पाठीवर अखंड चालू होता. मधूनमधून आईचा आवाज येई, "असं करू नये बाळा, काका रागावतील हं!" मी न रागावता बसलो होतो, त्यामुळे चिरंजीवांना या धमकीचे काहीच वाटत नव्हते. शेवटी मी वळून म्हणालो, "काका रागावत नाहीत रे, पण काकांची पाठ दुखते." मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पाय वर घेऊन मांडी घातली. परक्या माणसाला बागुलबुवा करण्यापेक्षा त्याला पाठ आहे, हे मुलाला सांगितले असते तर काम आधीच झाले असते. मोबाइलवरची गाणी साऱ्या विमानाला ऐकवणे, ओले लंगोट समोरच्या खिशात कोंबणे, हेही याच सदरातले. त्यांचा दोष मुलाकडे जात नाही.

आता सहप्रवाशांचे पाहू. सुस्कारे सोडणे, माना वळवणे, "आमच्या वेळी मुलं अशी नव्हती" असे ऐकू जाईल इतपत हळू बोलणे, याने आजवर एकही मूल गप्प झालेले नाही. आई मात्र घामाघूम होते, आणि आईचा जीव घाबरा झाला की मुलाचा सूर आणखी चढतो. मूल पीत असेल तर नजर सहज दुसरीकडे वळवावी. मदत करायची तर "पिशवी धरू का?" एवढे विचारावे. न विचारता गालगुच्चे घेऊ नयेत आणि आपला चिवडा तर मुळीच भरवू नये.

तंट्याचे सर्वांत मोठे मूळ म्हणजे जागांची अदलाबदल. विमान कंपन्या हवी ती जागा निवडण्याचे वेगळे पैसे घेऊ लागल्या. ज्यांनी ते भरले नाहीत, त्यांत आई एका टोकाला आणि मूल दुसऱ्या टोकाला, असे होऊ लागले. मग शेजाऱ्याची विनवणी आली, आणि त्याने नकार दिला की तो दुष्ट ठरला! वास्तविक, पैसे भरून खिडकी घेतलेल्या माणसाचा यात काय अपराध? सुदैवाने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना आदेश दिला, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकीट-नोंदीवरच्या आई, वडील वा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी. त्याउपर कोणाला विनंती करावीच लागली, तर बदल्यात त्याच्याइतकीच चांगली जागा देऊ करावी आणि नकार हसून घ्यावा.

कंपन्यांनी या भांडणावर आपापले तोडगे काढून पाहिले आहेत. मलेशियातल्या एअरएशिया एक्सने २०१३ साली लहान मुलांना वगळून शांत रांगा आखल्या. आपल्याकडे इंडिगोने २०१६ साली बारा वर्षांखालच्या मुलांना काही रांगा बंद केल्या. जपान एअरलाइन्सने २०१९ मध्ये जागा निवडतानाच दोन वर्षांखालचे मूल कुठे बसणार ते चिन्हाने दाखवण्याची सोय केली. २०२३ साली कोरेंडन कंपनीने ॲमस्टरडॅमहून कुरासाओला जाणाऱ्या विमानात सोळा वर्षांवरच्यांसाठी पडदा ओढून निराळा भाग केला आणि त्याचे ४५ युरोपासून पुढे पैसे लावले. आता पडदा दृष्टीला अडवतो, आवाजाला अडवत नाही, हे आपल्या चाळीत वाढलेल्या कोणालाही सांगता आले असते.

याउलट अमेरिकेतल्या जेटब्लूने २०१६ च्या मातृदिनाच्या सुमारास एक गंमत केली. मूल एकदा रडले, की सर्व उतारूंना पुढल्या तिकिटात पंचवीस टक्के सूट! चौथ्या रडण्याला तिकीट फुकट. मग काय, रडण्याला टाळ्या पडू लागल्या. मूल तेच, आवाज तोच. बदलले होते ते ऐकणाऱ्यांचे मन.

२०१९ साली सेऊलहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एका आईने आपल्या चार महिन्यांच्या बाळाच्या वतीने दोनशेवर पुड्या वाटल्या. त्यांत गोळ्या, कानात घालायचे बोळे आणि आगाऊ क्षमायाचनेची चिठ्ठी. जगाने तिचे कौतुक केले. मला मात्र वाईट वाटले. मुलाने अजून ओठही काढला नाही, तोच आईने दोनशे परक्यांची माफी मागावी!

सहनशीलता संपली म्हणजे काय होते, ते ७ मे २०२२ रोजी रांचीच्या विमानतळावर दिसले. घाबरून गेलेल्या एका अपंग मुलाला इंडिगोने विमानात घेतले नाही. विमानात निघालेल्या डॉक्टरांनी मदतीची तयारी दाखवली होती, तरीही. महासंचालनालयाने कंपनीला पाच लाख रुपये दंड केला आणि पुढे नियमही बदलले. त्या मुलाला हवे होते ते थोडे थांबणे आणि चार मऊ शब्द.

एक प्रश्न मात्र रीतीभातीपलीकडचा, जिवाचा आहे. दोन वर्षांखालचे मूल आपल्याकडे मांडीवर नेण्याची मुभा आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेडचे विमान कोसळले. त्यात चार मुले मांडीवरची होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सेविका जॅन ब्राउन यांनी आयांना मुले पायांशी जमिनीवर धरायला सांगितले. त्यांतले एक मूल गेले. ब्राउनबाईंनी पुढे कित्येक वर्षे लहानग्यांना स्वतंत्र, पट्ट्याचे आसन मिळावे म्हणून खटपट केली. पण तेथील प्रशासनाने २००५ साली सक्ती नाकारली. कारण विचार करण्याजोगे होते : जादा तिकिटाचा भार पडला तर कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर अधिक माणसे मरतील. दोन्ही बाजू मुलाच्याच काळजीच्या. मात्र जोराचा हिसका बसला, तर मुलाचे वजन आईच्या हातांना अनेक पटींनी भासते, आणि माया कितीही असली तरी ते हात पुरे पडत नाहीत. तेव्हा ज्याला परवडेल त्याने मुलाला वेगळी जागा आणि कंपनीने मान्य केलेले बालआसन घ्यावे. मांडीवरच नेणाऱ्याने सेविका देईल तो छोटा पट्टा, मूल रडले तरी, सांगतील तेव्हा बांधावा. शेजाऱ्याच्या झोपेपेक्षा त्या पट्ट्याची काळजी मोठी.

येत्या दिवाळीत विमाने भरभरून येतील. कुठल्या तरी रांगेत एक तान्हे पहिल्यांदाच आजीला भेटायला निघालेले असेल, आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी ते रडू लागेल. त्या वेळी आपल्याला फारसे काही करावयाचे नाही. विमान थांबले, की वरच्या कप्प्यातली त्याच्या आईची पिशवी तेवढी खाली काढून द्यावी, आणि तिला आधी उतरू द्यावे.