मोटारगाडीतील इंजिन तेलगळती

मोटारगाडीच्या इंजिनातील वंगणतेल जोडांमधून, सीलमधून किंवा एखाद्या तड्यातून बाहेर झिरपण्याच्या दोषास इंजिन तेलगळती असे म्हणतात. जुन्या गाड्यांमध्ये हा दोष सर्रास आढळतो. त्याच्या दुरुस्तीचा खर्च गळणाऱ्या भागाच्या किमतीपेक्षा, त्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी किती उघडझाप करावी लागते, यावर अधिक अवलंबून असतो.

कारणे

इंजिनाचे धातूचे भाग एकमेकांना जोडताना त्यांच्यामध्ये गॅस्केट बसवतात. गॅरेजच्या बोलीत त्यास ‘पॅकिंग’ म्हणतात. फिरता दांडा इंजिनाबाहेर येतो तेथे रबरी ऑईल सील असते. सततच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याची लवचीकता जाते आणि तेलाला वाट मिळते. इंजिनातील वायू बाहेर काढणारी झडप काजळीने तुंबल्यास आतील दाब वाढतो व चांगल्या स्थितीतील सीलमधूनही तेल झिरपते. असे असल्यास केवळ सील बदलून गळती थांबत नाही.

काही वेळा दोष सर्व्हिसिंगमधील हलगर्जीपणाचा असतो. जुन्या ऑईल फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहणे व त्यावर नवा फिल्टर बसवला जाणे, ड्रेन प्लगचा वॉशर न बदलणे किंवा प्लग प्रमाणाबाहेर आवळल्याने ॲल्युमिनियमच्या ऑईल चेंबरचे आटे जाणे, ही त्याची उदाहरणे होत. दगड किंवा उंच गतिरोधक लागून चेंबरला तडाही जाऊ शकतो.

ओळख व निदान

उभ्या गाडीखाली तपकिरी अथवा काळा, बोटांना बुळबुळीत लागणारा डाग, गरम इंजिनाजवळ जळकट वास आणि डिपस्टिकवरील पातळी वारंवार खाली जाणे ही प्रमुख लक्षणे होत. वातानुकूलन यंत्रणेतून ठिबकणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी द्रव बहुधा कूलंट असतो. डाग न पडता पातळी घटत असेल व सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर तेल गळत नसून इंजिनात जळत असण्याची शक्यता अधिक असते.

तेल गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते आणि धावत्या गाडीतील वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे जेथे थेंब दिसतो तेथेच गळती असते, असे नाही. इंजिन धुऊन कोरडे करणे, गाडी थोडी चालवणे आणि नंतर वरून खाली तपासत येणे ही निदानाची विश्वसनीय पद्धत आहे. बारीक गळतीसाठी तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहणी करतात. निदान चुकल्यास चांगले भाग बदलले जातात आणि मूळ गळती तशीच राहते.

दुरुस्ती व खर्च

खर्चाच्या दृष्टीने गळतीचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

* अल्प खर्चाची : ड्रेन प्लगचा वॉशर, ऑईल फिल्टर. काम काही मिनिटांचे असून ते तेलबदलाच्या वेळीच उरकते.
* मध्यम खर्चाची : टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑईल चेंबरचा जोड. हे भाग स्वस्त असतात. मजुरी गाडीच्या रचनेनुसार बदलते.
* मोठ्या खर्चाची : क्रँकशाफ्टचे मागील सील, हेड गॅस्केट. मागील सील स्वस्त असले तरी त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हेड गॅस्केटसाठी सिलिंडर हेड काढावे लागते व बहुधा त्याचा पृष्ठभाग तपासून सपाट करून घ्यावा लागतो.

गिअरबॉक्स उतरवलेलाच असल्यास झिजलेली क्लच प्लेट त्याच वेळी बदलणे किफायतशीर ठरते, कारण उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.

भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारगाडीच्या सुट्या भागांवर वस्तू व सेवा कराचा दर १८ टक्के आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. दुरुस्तीच्या मजुरीवरही १८ टक्के दर लागू होतो. उदाहरणादाखल, सील ५०० रुपये, तेल १,६०० रुपये व मजुरी ४,००० रुपये धरल्यास बेरीज ६,१०० रुपये, कर १,०९८ रुपये आणि एकूण देयक ७,१९८ रुपये होते. यात सीलचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. म्हणून अंदाजपत्रकात भाग, तेल व मजुरी या बाबी स्वतंत्र दाखवलेल्या असणे ग्राहकाच्या हिताचे असते. करनोंदणी नसलेल्या लहान गॅरेजला ग्राहकाकडून हा कर आकारता येत नाही.

विमा

नेहमीच्या वाहन विम्यात झीज व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. त्यामुळे जुन्या सीलच्या गळतीचा खर्च मालकासच करावा लागतो. अपघातात चेंबर फुटल्यास त्याची भरपाई मिळू शकते. मात्र त्यानंतर तेलाविना गाडी चालवून इंजिन निकामी झाल्यास, इंजिन संरक्षणाचे जोडकलम घेतलेले नसेल तर, तो दावा सहसा नाकारला जातो.

दुर्लक्षाचे परिणाम

लहान पेट्रोल इंजिनात साधारणतः ३ ते ४ लिटर तेल असते. ते फार कमी झाल्यास बेअरिंगला वंगण मिळत नाही आणि इंजिन जाम होऊ शकते. तसे झाल्यास खर्च सीलच्या किमतीच्या कित्येक पटींनी वाढतो. डॅशबोर्डवरील लाल तेलदिवा हा पातळीचा नव्हे, तर दाबाचा इशारा असतो. तो लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन तत्काळ बंद करणे आवश्यक असते. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडल्यास आग लागण्याचा, क्लचवर गेल्यास तो घसरण्याचा धोका असतो. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाने दुचाकीस्वार घसरतात.

तात्पुरते उपाय

गळतीरोधक द्रव्ये कडक झालेले रबर मऊ करून किंचित फुगवतात. बारीक झिरप त्याने काही काळ कमी होते. तडा किंवा फाटलेले पॅकिंग मात्र सांधले जात नाही. दुरुस्ती होईपर्यंत डिपस्टिकवरील पातळी नियमित तपासून योग्य प्रतीचे तेल भरणे इष्ट असते. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेही हानिकारक असते. काढलेले जुने तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा जमिनीवर ओतू नये.