चेक इंजिनचा दिवा : सेन्सर बदलला तरी परत का लागतो?

मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की आपण गॅरेज गाठतो. मेकॅनिक स्टेअरिंगखाली स्कॅनर लावतो आणि म्हणतो, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." बिल हजारात. दिवा विझतो आणि चार दिवसांनी परत हजर.

असं का होतं, हे कळायला हा दिवा लावतो कोण ते बघावं लागेल.

तो लावतो ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. पूर्वी हे काम कार्बोरेटर आणि ड्रायव्हर मिळून करायचे. थंडीत सकाळी पद्मिनीचा चोक ओढणाऱ्यांना आठवत असेल, गार इंजिनला पेट्रोल जास्त लागतं म्हणून ती खटपट. मग गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' लिहून यायला लागलं आणि हे काम कॉम्प्युटरकडे गेलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हा बाईक-स्कूटरमधूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला.

आता गंमत अशी की, ईसीयूला इंजिन दिसत नाही. त्याला कळतात ते फक्त सेन्सरकडून आलेले आकडे. हवा किती आत आली, इंजिन किती तापलंय, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय. त्यावरून इंजेक्टर किती मिलीसेकंद उघडायचा आणि स्पार्क कधी द्यायचा, हे तो ठरवतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला १०० वेळा!

हिशोब साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल असा. तो बरोबर जमला का, हे सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, तर ईसीयू पेट्रोल वाढवतो. कमी उरला, तर घटवतो.

समजा, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढचा रबरी पाइप चिरला. न मोजलेली हवा आत शिरते, धुरात ऑक्सिजन जास्त दिसतो. ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. वाढवायची मर्यादा संपली की पी०१७१ हा कोड साठवून दिवा लावतो. त्याचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरंच बोलत होता, आणि बदललाही तोच गेला! कोड पुसल्यामुळे दिवा विझला. चिरलेला पाइप तसाच, म्हणून ईसीयू परत त्याच हिशोबावर आला.

त्यामुळे पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी कोडचा नंबर मागून घ्या आणि पाइप, वायर, कनेक्टर तपासलेत का ते विचारा.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर एवढा वेळ असतो. लुकलुकत असेल तर नसतो. बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ मिसफायर, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तो तापून निकामी होऊ शकतो आणि नवा बसवणं सेन्सरपेक्षा कितीतरी महाग. अशा वेळी गाडी ओढत गॅरेजपर्यंत नेऊ नका. बाजूला घ्या, बंद करा आणि मेकॅनिकलाच तिथे बोलवा.