ई-कचरा : कंपनीची जबाबदारी आणि कचरावेचकाचे हात

पर्यावरण हा शब्द आपल्या चळवळीत अजून परकाच राहिला आहे. पर्यावरण म्हणजे झाडे, पक्षी, वाघ आणि सुखवस्तू माणसांची सुट्टीची हौस, अशी अनेक कार्यकर्त्यांची समजूत आहे. मी कल्याणच्या एका महाविद्यालयात शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांनाही हा विषय परीक्षेपुरताच ठाऊक असतो. परंतु 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह कशाचा होता? पाणी सर्वांचे असताना ते काहींनाच का मिळावे, हाच तर त्याचा प्रश्न होता. निसर्गातील चांगले कोणाच्या वाट्याला येते आणि घाण कोणाच्या, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या उगमापाशीच आहे. त्याचे आजचे एक रूप म्हणजे ई-कचरा.

बंद पडलेला मोबाईल, टीव्ही, फ्रिज, संगणक, मिक्सर, ट्यूबलाइट, चार्जर हे सारे ई-कचऱ्यात मोडते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातील 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. भारतात 2023-24 या वर्षात सुमारे साडेसतरा लाख टन ई-कचरा निघाल्याचे सरकारी आकडे सांगतात. नोंदीबाहेरचा माल जातो कुठे? ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कोणत्याही गल्लीत सकाळी उभे राहावे, उत्तर मिळते. फेरीवाला भंगारवाला तो वजनावर विकत घेतो. त्याच्याकडून तो गोदामात जातो आणि तेथून सुटे भाग करणाऱ्यांकडे.

सुटे करण्याचे काम कसे चालते, हे समजून घेतले पाहिजे. तारांवरचे प्लॅस्टिक जाळले की तांबे मोकळे होते, पण त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. सर्किटची पाटी तापवून सुटे भाग उपटले जातात, तेव्हा डाखातल्या शिशाची वाफ आणि धूळ श्वासात जाते. सोन्याचा मुलामा सोडवण्यासाठी पाट्या तेजाबात बुडवतात आणि उरलेले तेजाब गटारात ओततात. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. असंघटित कचरा-उद्योगात काम करणाऱ्या 1 कोटी 29 लाखांपर्यंत स्त्रियांना या विषांचा धोका असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली म्हटले.

माझे वडील हातगाडीवर भंगार गोळा करीत. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. जळक्या तारेचा वास आमच्या कपड्यांना होता आणि शाळेत त्या वासावरून आमची जात ओळखली जाई. म्हणून हा विषय माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा नाही.

आता कंपन्यांकडे वळू. वस्तू बाजारात आणणाऱ्याची जबाबदारी ती विकून संपत नाही, वस्तू निकामी झाल्यावरही तिची विल्हेवाट त्यानेच लावली पाहिजे, हा विचार 1990 च्या सुमारास स्वीडनमध्ये मांडला गेला. त्याला 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' म्हणतात. प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली राजस्थानातील बिछरी प्रकरणात उचलून धरले. भारतात ई-कचऱ्याचे नियम 2011 साली झाले आणि 2012 पासून लागू झाले. 2016 साली ते बदलले. पुन्हा 2022 साली नवे झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आले.

या नव्या नियमांची रचना अशी आहे. कंपनीने पूर्वी विकलेल्या मालापैकी किती माल आयुष्य संपून बाद होणार, याचा हिशेब केला जातो. त्यातील 2023-24 आणि 2024-25 मध्ये 60 टक्के, पुढील दोन वर्षांत 70 टक्के आणि 2027-28 पासून 80 टक्के मालाची जबाबदारी कंपनीवर येते. पण कंपनीने आपलाच फ्रिज परत आणावा असे बंधन नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रे विकत घेतली की जबाबदारी पार पडली. ही प्रमाणपत्रे निघतात ती लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम आणि सोने किती परत मिळाले यावर. बारकाईने पाहा : ज्या शिशाने आणि पाऱ्याने माणूस मरतो, ते या हिशेबात नाहीत. बाजारात ज्याला भाव आहे, तेच हिशेबात आहे.

2024 साली सरकारने प्रमाणपत्राचा किमान दर ठरवला : घरगुती इलेक्ट्रॉनिक मालासाठी किलोमागे 22 रुपये. एवढ्यावरून 2025 साली सॅमसंग आणि एलजी यांसारख्या बलाढ्य कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. यातील एलजीचा कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यात, रांजणगावला आहे. दर बांधून दिल्याने पर्यावरणाचे हित साधत नाही, असे या कंपन्यांचे म्हणणे. त्यात थोडे तथ्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. दर वाढला म्हणून तारा जाळणे आपोआप थांबणार नाही. पण मग ते थांबवण्याचा खर्च कोणी करायचा? नफा कंपनीचा, सोय ग्राहकाची आणि विष मात्र भंगार फोडणाऱ्याचे, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते?

दर 22 असो की 10, ते पैसे कंपनी आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणारा यांच्यातच फिरतात, हा यातील खरा मुद्दा आहे. दारोदार फिरून माल गोळा करणारा त्या व्यवहारात नाही. 2016 च्या नियमांत संकलन केंद्र आणि सुटे भाग करणारा यांना निदान नाव होते. 2022 च्या नियमांत नोंदणी आहे ती उत्पादक, माल बाजारात आणणारा, दुरुस्ती करून पुन्हा विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा यांची. राज्याच्या कामगार खात्याने या क्षेत्रातील कामगारांची नोंद करावी, त्यांचे गट उभे करावेत, त्यांच्या आरोग्याची काळजी घ्यावी, असे कलम त्यात आहे. मात्र कंपनीच्या डोक्यावर त्याचा एक पैसाही भार नाही.

असे का होते? बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की, जात केवळ कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्यांनाच वेगळे पाडते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई, ठाणे, पुण्याकडे आलेल्या अनेक दलित कुटुंबांना शहराने जे काम दिले ते कचऱ्याचे. आज भंगाराच्या गोदामांत त्यांच्या शेजारी गरीब मुसलमानही राबतो. गावाने मेलेले ढोर ओढण्याचे काम आमच्यावर लादले होते, शहर मेलेली यंत्रे ओढायला लावते. घाण उचलणारा माणूस समाजाने पूर्वीच अदृश्य केलेला आहे, म्हणून कंपनीच्या 'हरित' अहवालात तो दिसत नाही.

यावर मार्ग नाही असे नाही. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली आणि 2008 पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करण्याचा हक्क मिळवला. तो दयेने मिळाला नाही, संघटनेने मिळाला.

ठाणे जिल्ह्यातही हे करता येईल. आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कामगार खात्याने सुटे भाग करणाऱ्यांची नोंदणी करावी. प्रमाणपत्राच्या किमतीतील ठरावीक वाटा माल गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे बंधन कंपनीवर घालावे. पाट्या, पिक्चर ट्यूब आणि पाऱ्याच्या वस्तू वस्तीत न फोडता नोंदणीकृत कारखान्यात जाव्यात, पण त्यांचा चोख भाव गोळा करणाऱ्याला मिळावा. भाव न देता केवळ बंदी घातली, तर ती त्याच्या पोटावर पाय ठरेल. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील गोदामांची, तेथील माणसांची आणि त्यांच्या आजारांची नोंद घ्यावी. सरकारी फायलीत जो दिसत नाही, त्याला कागदावर आणणे हे आपल्या शिकण्याचे देणे आहे.

1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराच्या जीविताची जबाबदारी मालकावर आणि राज्यावर टाकणारे कायदे पुढे रेटले. कारखान्याच्या भिंतीआतल्या कामगाराला त्यातून थोडे संरक्षण मिळाले. आता त्याच कारखान्याचा माल भिंतीबाहेर, कल्याण-मुंब्र्याच्या गल्ल्यांत फोडला जातो. तेथे बसलेला माणूसही त्या कंपनीचाच कामगार आहे, हे कायद्याकडून वदवून घेतल्याशिवाय कंपनीच्या पर्यावरणनिष्ठेला काहीही अर्थ नाही.