छेद तीस : किती अपूर्णांक?

वाटणीच्या कागदावर एका भावाच्या नावापुढे ६/३० हिस्सा लिहिला आहे आणि दुसऱ्याच्या नावापुढे १/५. मोठे आकडे बघून वाटते, पहिल्याचे चांगलेच साधले! पण तसे नाही. जमिनीचे ३० सारखे भाग करून ६ घेतले काय, किंवा ५ सारखे भाग करून १ घेतला काय, जमीन तेवढीच. अंगठा सोडून सही करू लागलेल्या माणसाने सहीच्या आधी एवढे ओळखले पाहिजे.

६/३० मध्ये वरचा आकडा अंश, खालचा छेद. दोघांनाही ६ ने भाग जातो. सहा एके सहा, सहा पंचे तीस. राहिले १/५. याहून लहान आता होत नाही. याला अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप म्हणतात. नाव लांबलचक आहे, गोष्ट साधी आहे. दोन हिस्से सारखे आहेत का, हे बघायचे तर दोन्ही आधी असे लहान करून घ्यावेत.

अमेरिकेत हुशार शाळकरी मुलांसाठी गणिताची एक मोठी स्पर्धा होते. १९९२ साली तिच्यात पहिलाच प्रश्न यावर होता. शून्याहून मोठे आणि दहाहून लहान असे जे अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिले असता त्यांचा छेद ३० राहतो, त्या सगळ्यांची बेरीज किती? स्पर्धेचा प्रश्न म्हणून बिचकू नका. भागाकार येतो त्याला हे जमते.

आधी फक्त १ पर्यंतचे मोजू. अंश १ पासून ३० पर्यंत घ्या. ३० म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ५. अंशाला २, ३, ५ यांपैकी एकानेही भाग गेला, की छेद ३० राहत नाही. तो अंश बाद.

बाद किती? २ ने भाग जाणारे १५. ३ ने जाणारे १०. ५ ने जाणारे ६. बेरीज झाली ३१! मुळात आकडे ३०, आणि बाद ३१? असं कसं होईल?

गावजेवणाचे बघा. किती पानं मांडायची म्हणून भावकीची यादी केली, भजनी मंडळाची केली, दूध सोसायटीची केली. तिन्ही याद्यांची बेरीज घेतली, तर गावातल्या माणसांहून पानं जास्त भरतील. जो भावकीतला, तोच रात्री टाळ घेऊन बसतो आणि सकाळी तोच दूध घालायला जातो. एकच माणूस, तीनदा मोजला. इथेही तेच झाले. ६ हा आकडा २ च्या यादीत आहे आणि ३ च्याही. ३० तर तिन्ही याद्यांत आहे.

म्हणून एकदम वजा करायचे नाही. एकामागून एक चाळणी लावायची. पहिल्या चाळणीत २ ने भाग जाणारे गेले. निम्मे उरले, १५. या १५ मधला दर तिसरा ३ ने भाग जाणारा. ३, ९, १५, २१, २७ हे पाच गेले, १० उरले. या दहांतला पाचवा हिस्सा म्हणजे ५ आणि २५ गेले. उरले ८ : १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९.

पुढे ३१ ते ६० मध्ये काय? तेवढेच. ३० ला २, ३, ५ या तिघांनीही भाग जातो, म्हणून ३० मिळवल्याने कोणी नवा बाद होत नाही आणि बाद झालेला परत येत नाही. दर तीस आकड्यांत ८. दहापर्यंत असे दहा गट. एकूण ८०.

आता बेरीज. ८० अपूर्णांक एकाखाली एक लिहू नका. पहिला १/३०, शेवटचा २९९/३०. दोन्ही मिळून ३००/३०, म्हणजे १०. दुसरा ७/३०, शेवटून दुसरा २९३/३०. पुन्हा १०. अशा ४० जोड्या. उत्तर ४००. आमच्या मते हा प्रश्न सुरेख आहे. कष्टाचा दिसतो, पण बहुतेक तोंडी सुटतो.

असे अंश मोजण्याची रीत अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने मांडली. १७८३ साली तो वारला. शेवटची सुमारे १७ वर्षे त्याला जवळजवळ दिसत नव्हते. तो मनात हिशेब करी आणि दुसऱ्याकडून लिहवून घेई. आपल्याकडेही पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेली म्हातारी माणसं कागदाशिवाय बाजाराचा हिशेब करीत, ते आम्ही पाहिले आहे.

आता आपल्या ओळखीचा आकडा घ्या. एकराचे गुंठे ४०. छेद ४० ठेवला, तर १ हून लहान असे अतिसंक्षिप्त किती? ४० मध्ये २ तीनदा येतो, पण त्याची चाळणी एकदाच लावायची. ४० चे निम्मे २०. त्यातला पाचवा हिस्सा ४ गेला. राहिले १६. हे सोळा अंश कोणते, ते पाटीवर लिहून काढा. पहिला १ आणि शेवटचा ३९ आहे.